सा. बा., टिमकी

नाव तिचं वर्ना लिंडक्विस्ट.
बाबांनी त्याचं वर्णाबाई करून घेतलं,
गल्लीतल्या पोट्ट्यांनी वरणबाई,
आणि तिनं दोन्ही लिहून घेतली, तारखेसकट.

सहासष्ट सालचा डिसेंबर. बाप नेब्रास्कात मका पेरायचा,
लेक टिमकीत, आमच्या मागाशेजारी
पोत्यावर बसून विचारायची: याला काय म्हणता?
धोटा. आणि याला? कांडी. आणि सूत तुटलं की?
तुटलं की शिव्या, माय म्हणाली,
आणि त्याही दिल्या, उदाहरणादाखल.

पहिलं कार्ड आमच्याच मोहल्ल्याचं.
टिमकी: एक, लहान चर्मवाद्य. दोन, स्वतःची वाजवतात ती.
तीन, नागपुरातली कोष्ट्यांची वस्ती;
मागांच्या खडखडाटामुळे इथे मोठ्यानं बोलतात.

मी नववीत. अक्षर बरं म्हणून मला धरलं,
कार्डामागे पाच पैसे.
संत्र्यांच्या खोक्यांत कार्डं उभी राहायची,
सगळे स्वर एका खोक्यात मावले, क ला तीन लागली.
मे महिन्यात उघडलं की शब्दांना सालीचा वास.

ळ तिला येत नव्हता. मायला सालूबाई म्हणायची.
तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी, लुगड्याची घडी घालता घालता,
आला. साळू.
माग थांबवून माय ओरडली,
"वळली व बाप्पा, जीभ वळली!"
तेही छापलंय. वळणे, अर्थ सहावा.

पुढे विद्यापीठानं पैसे बंद केले.
तिकडे ती दिवसा पोरांना स्वल्पविराम शिकवायची,
रात्री कार्डं.
लग्नाचं विचारलं तर म्हणे, "आत्ता भ चालू आहे,
मध्येच काहून विचारता?"
तीन-चार वर्षांनी एकदा यायची,
दर वेळी केस जास्त पांढरे, दर वेळी गल्लीत माग कमी.

एकदा मायनं गंमत म्हणून खोटाच शब्द दिला.
झिपुरका, म्हणे, उरल्या सुताच्या गुंत्याला.
वर्नानं मान डोलावली, लिहिलं.
कोशात आहे तो: फक्त एकीच्याच तोंडी ऐकला.
म्हणजे कळलं होतं तिला.
माझी नात इयरफोनच्या वायरला झिपुरका म्हणते.

सत्त्याण्णवात कोश निघाला. माय दोन वर्षं आधीच गेलेली.
पार्सल आलं, मी सीताबर्डीच्या पोस्टात
कस्टमच्या कागदांसाठी दीड तास उभी.
दोन खंड. रेशनच्या दुकानात अंगठा उठवणारी माझी माय
पानोपानी भांडत होती.
सा. बा., टिमकी. सा. बा., टिमकी.
मीठ, ढेकूण, जावई, पाणी,
उधारी या शब्दाखाली तर
बाबांना तिनं अर्धा रकाना झोडपलेलं.

मग मोडणे.
एक, तुकडे करणे. दोन, ठरलेलं लग्न रद्द करणे.
तीन, नोट, सुट्ट्यांसाठी.
चार, दागिना विकणे:
"पोट्टीच्या कॉलेजासाठी म्या डोरलं मोडलं.
तिले सांगू नोको, बाई."
सा. बा., टिमकी, जाने. १९७०.

मी तर आजवर सांगत आले, स्कॉलरशिप होती.
तिच्या गळ्याला दर उन्हाळ्यात हिरवट डाग पडायचा,
मी म्हणायचे, साबण बदल.

वर्नानं शब्द पाळला. सांगितलं नाही. छापलं.

मी पत्र टाकलं, त्यात एकच शब्द: काहून?
दोन महिन्यांनी उत्तर आलं, जुन्याच मापाच्या कार्डावर,
अक्षर आता थरथरतं, ळ मात्र ठसठशीत:
"साळूबाईंचं तेवढं ठेवावं लागलं.
चौथ्या अर्थाला दुसरं उदाहरण मिळालं नाही."

खोटं.
इतवारीचा अख्खा सराफा भरलाय
असल्या उदाहरणांनी.